द्रौपदीच्या जागी

समिती येणार असं पत्र आलं आणि भिवंडीजवळच्या राहनाळच्या निरंतर शिक्षण केंद्रात मुलगी दाखवायच्या घरासारखी धांदल उडाली. दोन खोल्यांना पिवळा रंग लागला. जिन्याच्या कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्यांवर गेरू फिरला. शेजारच्या पूर्णा गावातल्या एका गोडाऊनवाल्याने आग विझवायचं लाल नळकांडं उसनं दिलं आणि समिती गेली की परत आणून द्या, असं दोनदा बजावलं. भिंतीवर सूचनापेटी लागली, तिला कुलूपही लागलं आणि त्याच दिवशी किल्ली हरवली. आजवर केंद्रात कुणी लेखी सूचना केली नव्हती, त्यामुळे किल्लीचा शोध कुणी फारसा घेतला नाही.

हा सगळा खटाटोप मान्यतेसाठी होता. राहिलेलं शिक्षण मोठेपणी पुरं करायला निघालेल्या बायका इथे दुपारी शिकायला यायच्या. गोडाऊनात पॅकिंग करणाऱ्या, लूमवाल्यांच्या घरच्या, धुणीभांडी करणाऱ्या. शिकवणं इथे व्हायचं, पण आठवीच्या परीक्षेला जावं लागायचं कल्याणला, कारण स्वतःच्या जागेत परीक्षा घ्यायची तर मंडळाची मान्यता लागते. आणि कल्याण म्हटलं की निम्म्या बायका गळायच्या. कुणाला ड्युटी सुटायची नाही, कुणाचा नवरा पाठवायचा नाही, कुणी आयत्या वेळी रिक्षा स्टँडवरून घाबरून परत यायची. वर्षभर घासून पुसून तयार केलेली बाई परीक्षेलाच गेली नाही की केंद्रप्रमुख उन्नती भालेराव दोन दिवस कुणाशी धड बोलत नसत.

उन्नतीबाई मूळच्या भिवंडीच्याच. नगरपालिकेच्या शाळेत बावीस वर्षं काढून त्यांनी हे केंद्र हाती घेतलं होतं. स्वभावाने कडक, टापटिपीच्या, आणि खोट्याची भारी चीड. एखादीने आजारपणाची थाप मारली तर ती थाप तिच्या तोंडून पुरती वदवून घेऊन मग तिला घरी पाठवत. अशा बाईच्या शाळेत चार महिने एक मेलेली बाई रोज हजर लागत होती.

हे कसं झालं ते सांगायला हवं. भिवंडीत बदली म्हणजे काय हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. लूमवरच्या माणसाला ताप आला की तो आपल्या जागी आपला गाववाला धाडतो. माग चालू राहिला की झालं, चालवणारा कोण हे कुणी विचारत नाही. छोट्या ठेकेदारांच्या गोडाऊनांनीही तीच रीत उचलली. कार्ड एकीचं, काम दुसरीचं. यात कुणाला लबाडी वाटत नाही. जागा रिकामी ठेवली तर मात्र नाव खराब होतं.

घरच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं आणि पुढे त्याच गोडाऊनात घरच्या सुना पॅकिंगला लागल्या, अशी घरं राहनाळला पुष्कळ आहेत. भोईरांचं त्यातलंच एक. घराची सूत्रं पुतळाबाईच्या हातात. तिच्या दोन सुना, थोरली द्रौपदी आणि धाकटी मैना. आठवी पास बाईला गोडाऊनात दिवसभर उभं राहावं लागत नाही, स्कॅनिंगच्या टेबलाशी बसून काम मिळतं, हे पुतळाबाईने हेरलं होतं. म्हणून तिने ठरवलं, थोरलीने शिकायचं आणि धाकटीने ड्युटी करायची. दोघी शिकायला गेल्या तर चूल कोण पेटवणार, असा तिचा रोकडा सवाल होता.

जावांनी मात्र आपसात वेगळाच मेळ घातला. द्रौपदीला वाचनाची गोडी, मैनाचा हात गणितावर चालायचा. गणिताच्या दिवशी मैना शाळेत यायची आणि तिच्या कार्डावर द्रौपदी गोडाऊनात जायची. भाषेच्या दिवशी उलट. रात्री भांडी घासताना एकमेकींना शिकवून टाकायच्या. उन्नतीबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात ही चोरी पकडली. दोघींना उभं करून फैलावर घेतलं. पण नंतर त्यांच्या ध्यानात आलं की आज जी येते तिला काल दुसरीला शिकवलेलं सगळं येत असतं. एका जागेवर दोन बाया शिकत होत्या, आणि नाव नोंदवून बसलेल्या इतर पुष्कळ जणींपेक्षा बऱ्या शिकत होत्या. बाईंनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. हजेरीला त्या द्रौपदीचं नाव घेत आणि त्या जागेवर जी बसली असेल ती हजर म्हणे.

आणि मग द्रौपदी गेली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पूर्णाचा रस्ता ओलांडताना कंटेनरखाली सापडली. जागच्या जागीच संपली.

तेरावं झाल्यावर मैना शाळेत आली आणि नेहमीच्या जागेवर बसली. उन्नतीबाई हजेरी घेत होत्या. वर्षभराची सवय, जिभेला थांबायचं सुचलंच नाही. शबानाचं नाव झालं आणि पाठोपाठ द्रौपदी काळूराम भोईर हे नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. वर्ग गोठला. बाईंना तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात मैना खाली मान घालून म्हणाली, "हजर." बाईंनी खूण केली आणि पुढे सरकल्या. दुसऱ्या दिवशी ते नाव गाळायचं असं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं, पण मैना आधीच मान खाली घालून वाट बघत होती, आणि बाईंच्याने ते झालं नाही. तिसऱ्या दिवशी तर मुळीच नाही. अशी ती गोष्ट चालत राहिली. दयेपोटी चालली हे खरं, पण खोटी ती खोटीच, आणि हे उन्नतीबाईंना इतर कुणापेक्षा जास्त टोचत होतं.

समितीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की वर्गाची हजेरी समितीसमोर घेतली जाईल, विद्यार्थिनींशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोललं जाईल. पत्र वाचून झाल्यावर त्यांनी ते रवींद्रपुढे सरकवलं. रवींद्र केंद्रात गणित शिकवायचा, लिखापढीही तोच बघायचा. हुशार पोरगा, आणि केंद्रावर जीव होता त्याचा. त्याने सरळ सांगितलं की यात काळजी करण्यासारखं काही नाही. मैनाने नेहमीसारखं हजर म्हणावं. समिती ठाण्याहून येणार, दोन तास बसणार, चहा पिऊन जाणार, त्यांना मेलेलं कोण आणि जिवंत कोण काय ठाऊक. परीक्षा एकदा इथेच घ्यायला मिळाली की पुढचं पुढे बघता येईल.

"आणि प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं मिळणार?" बाईंनी विचारलं.

रवींद्र म्हणाला, "बाई, खोटी हजेरी निघाली तर मान्यता अडकते. एकीच्या नावासाठी सगळ्या जणींना पुन्हा कल्याणला पाठवायचं का?"

त्याचं चुकत नव्हतं, हीच तर अडचण होती. चुकत असतं तर बाईंनी त्याला झापलं असतं आणि मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी नुसतं पत्राची घडी घातली आणि वर्गात गेल्या.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मैनाला थांबवून घेतलं. मैना पंचविशीची, अंगाने काटकुळी, बोलायला आधीच कमी आणि आता तर मुकीच झाल्यासारखी. बाईंनी तिला समजावलं की द्रौपदीचं नाव आता काढावं लागेल, आणि तिने स्वतःच्या नावाने प्रवेश घ्यावा. अर्ज तयार आहे, फक्त सही करायची. मैनाने मान हलवली, पण ती नकाराची होती. नाव काढू नका, ती म्हणाली. घरात थोरल्या दिराने, द्रौपदीच्या नवऱ्याने, चार महिन्यांत दुसरी बायको आणली होती, लेकरं लहान म्हणून. तिच्यासमोर द्रौपदीचं नाव कुणी घ्यायचं नाही असा सासूचा हुकूम होता. दोरीवरची तिची साडी गेली, आरशावरच्या तिच्या टिकल्या गेल्या. आता तिचं नाव घेतलं जायचं ते फक्त इथे, दुपारी, हजेरीला.

"आठवी तिच्या नावानं होऊ द्या बाई," मैना म्हणाली. "मी पेपर लिवते. पास ती होईल."

बाईंनी तिला विचारलं की असं का, तू तिचं काय देणं लागतेस. त्यावर मैना बोटाने बाकाची कड घासत बोलली ते एका दमात बोलली.

"त्या दिवशी गणिताची चाचणी व्हती. ड्युटी माझी व्हती. वयनीचं अंग दुखत व्हतं, तरी मीच तिला बोलले, तू जा माझ्या बदलीवर. ती गेली. तिच्या गल्यात माझं कार्ड व्हतं. गोडाऊनवाल्यांनी कार्ड वाचलं आन घरी निरोप धाडला, तुमची मैना गेली. मी चाचणी देऊन घरी आले तर अंगनात सगली मला रडत व्हती. तवापासून मी न्हायच हाय, बाई. मी तिच्याच जागी हाय."

उन्नतीबाईंना त्या दिवशीची चाचणी आठवली. मैनाने सगळी गणितं बरोबर सोडवली होती आणि त्यांनीच तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. त्यांनी मैनाच्या पाठीवर हात ठेवला, पण ती काही रडली नाही. ओढणी सारखी करून उठली आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून निघून गेली. बाई मात्र तिथेच बसून राहिल्या आणि नव्या पिवळ्या भिंतीकडे बघत एकट्याच रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या भोईरांच्या घरी गेल्या. पुतळाबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. सत्तरीला आलेली, पण हात कसे चटचट चालत होते. आत नवी सून वावरत होती, बिचारी पायांचा आवाजही न करता. बाईंनी घरच्यांनी समितीसमोर यायचं निमंत्रण दिलं आणि मग मुद्द्याला हात घातला, की मैनाला तिच्या स्वतःच्या नावाने शिकू द्या. पुतळाबाईने निवडणं थांबवलं नाही. तिने सांगितलं की शाळेचा शब्द तिने थोरलीला दिला होता. थोरलीची जागा रिकामी राहू नये म्हणून धाकली जाते. ते नाव शाळेतून काढणार असाल तर धाकलीने घरी बसावं. धाकलीला शिकायला पाठवायचं असं या घरात कधी ठरलंच नव्हतं.

धाकली. एवढ्या बोलण्यात पुतळाबाईने ना द्रौपदीचं नाव घेतलं होतं, ना मैनाचं. बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी हळूच विचारलं की आजी, तुम्ही तिला नावाने हाक मारत नाही का.

आता मात्र म्हातारीचे हात थांबले. तिने आत वळून बघितलं, नवी सून लांब आहे याची खात्री करून घेतली, आणि आवाज खाली आणला.

"मास्तरीण बाय, तुला खरा सांगतंय. मी त्या दिवशी तिचा नाव घेऊन ऊर बडवला. मैना, मैना करून सगला गाव गोला केला. आन ती दारात उभी, पिशवी घेऊन. मला कला ना, रडू का हसू. एक हाय तर दुसरी गेली. माझ्या मनात पयला काय आला म्हाईत हाय? बरा झाला, ही वाचली. त्या मेलेलीसाठी माझ्या डोल्यांत पानी नंतर आला." तिने पदराने तोंड पुसलं. "ज्या तोंडानी मी तिला मेलेली म्हनून हाक मारली, त्या तोंडानी आता कशी हाक मारू? नाव घ्याला गेला की माझ्या जिभंला काटा येतंय."

बाई म्हणाल्या की ती पोर स्वतःला मेलेलीच समजते आहे. तुम्ही हाक मारत नाही, नवरा नावाने बोलवत नाही, गोडाऊनचं तिचं कार्ड त्या दिवशीच बाद झालं, आणि शाळेत तर ती कधी मैना नव्हतीच. सुकटीचं सूप उचलून पुतळाबाई आत गेली आणि परत बाहेर आली नाही. बाई थोडा वेळ ओट्यावर थांबल्या, मग चप्पल पायात सरकवून निघाल्या.

रस्त्यावर कंटेनरांची रांग लागली होती. त्या रांगेच्या कडेकडेने चालता चालता त्यांनी आपल्या मनाशी काय ते ठरवलं. समितीला खरं सांगायचं. केंद्राचं व्हायचं ते होईल. पण एका जिवंत बाईला मेलेलीच्या नावाने पास करून हातात कागद द्यायचा, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं. तिला जन्मभर त्या कागदाखाली पुरल्यासारखं झालं असतं.

त्यांनी हे वर्गातही बोलून टाकलं, कारण भोगणार होत्या त्या बायका. वर्गात चांगलीच कुजबुज झाली. करिष्मा नावाची एक तरुण मुलगी, पडघ्याहून लग्न होऊन आलेली, ती उभी राहून म्हणाली की तिच्या नवऱ्याने आधीच सांगून ठेवलं आहे, परीक्षा इथे असेल तर दे, कल्याणला नाही. "म्हणजे माझं यंदाही गेलं ना बाई?" तिने विचारलं. बाईंनी हो, कदाचित गेलं, असं सांगितलं. खोटंच बोलायचं असतं तर त्या समितीपुढेच बोलल्या असत्या. करिष्मा खाली बसली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि तो रास्त होता. पण मैनाकडे बघून तिने तो गिळला, कारण द्रौपदी तिच्याही शेजारी बसलेली होती आणि डब्यातलं बोंबलाचं कालवण दोघींनी वाटून खाल्लेलं होतं.

वर्ग सुटल्यावर मैना टेबलाशी आली. अर्ज पुढे होता. सासूने घरी काय सांगितलं, काही सांगितलं की नाही, हे बाईंनी विचारलं नाही. मैनाने अर्ज वाचला नाही. दाखवलेल्या जागी सही केली, पेन टोपण लावून ठेवलं आणि गेली. तिला हवं ते हातातून काढून घेतलं होतं आणि नको ते हातात दिलं होतं, असा तिचा चेहरा दिसत होता. आपण हे बरं करतो आहोत की त्या पोरीवर आणखी एक घाव घालतो आहोत, हे उन्नतीबाईंना खरंच कळत नव्हतं.

समिती आली. दोन पुरुष आणि एक अध्यक्षबाई. अध्यक्षबाई मूळच्या नाशिकच्या, निवृत्त प्राचार्या, सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं मोजकं. त्यांनी रंग बघितला, सूचनापेटी बघितली, लाल नळकांड्याकडे बघून मान डोलावली. रवींद्र चहाचा ट्रे घेऊन आला तेव्हा उन्नतीबाई म्हणाल्या की चहाआधी मला एक सांगायचं आहे. आणि त्यांनी सगळं सांगितलं. बदलीची रीत सांगितली, द्रौपदी गेल्याचं सांगितलं, चार महिने आपण स्वतःच्या हाताने खोटी हजेरी लावल्याचं सांगितलं. कुणाची दया येईल अशा रीतीने त्यांनी ते सांगितलं नाही, सरळ सांगितलं. कार्डाची आणि निरोपाची गोष्ट मात्र गाळली. ती सांगायचा हक्क त्यांचा नव्हता.

रवींद्र ट्रे धरून तसाच उभा राहिला होता. समितीतल्या एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं."

"नसतं कळलं," उन्नतीबाई म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी आपला निर्णय सांगितला. केंद्राचं काम चांगलं आहे आणि तसं त्या लिहिणार. हजेरीत खोट आढळली हेही लिहिणार, कारण ते न लिहिणं त्यांच्या हातात नाही. मान्यता यंदा मिळणार नाही, पुढल्या वर्षी पुन्हा पाहणी होईल. यंदाची परीक्षा कल्याणला. हे बोलताना त्यांचा आवाज कडक नव्हता, उलट थकलेला होता. चहा मात्र त्यांनी घेतला, आणि घेऊन झाल्यावर म्हणाल्या की चला, आता जी खरी हजेरी आहे ती घ्या, आमच्यासमोर.

वर्गात सगळ्या जणी ठेवणीतल्या साड्या आणि ड्रेस घालून बसल्या होत्या. भिंतीलगत घरची माणसं होती, थोडीच, बहुतेक सासवा. पुतळाबाई केव्हा आली ते उन्नतीबाईंना कळलं नव्हतं. मागच्या कोपऱ्यात, दाराला टेकून, हिरव्या लुगड्यात ती बसली होती. बाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि हजेरी सुरू केली. आवाज कापू नये म्हणून त्या सावकाश वाचत होत्या. एकेक हजर येत होतं. शबानाचं नाव झालं. तिच्यामागून वर्षभर जे नाव यायचं ते आता नव्हतं. बाईंनी त्याच्या पुढचं नाव घेतलं आणि मैनाकडे बघायचं टाळलं. तरी नजर गेलीच. मैनाचे ओठ हलले होते आणि मिटले होते. मांडीवरच्या ओढणीचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

बाकीची नावं झाली. मग नव्या प्रवेशाचं एकच नाव उरलं.

"मैना राघो भोईर."

कुणी उत्तर दिलं नाही. मैना समोरच बसलेली होती आणि बाईंच्या तोंडाकडे बघत होती, पण त्या बघण्यात काही नव्हतं. दुसऱ्याच कुणाला तरी बोलावलं आहे आणि ती बाई आलेली नाही, असं ती बघत होती. बाईंनी पुन्हा नाव घेतलं, आणि या वेळी त्यांचा आवाज कापलाच. करिष्माने मैनाला कोपराने ढोसलं. मैना हलली नाही. समितीतल्या एका गृहस्थांनी पेन उचलून विचारलं की ही विद्यार्थिनी गैरहजर आहे का. उन्नतीबाईंनी हजेरीतल्या त्या नावावरचं बोट काढलं नाही.

मागे लुगड्याची सळसळ झाली. पुतळाबाई दाराचा आधार घेऊन उभी राहत होती. उभं राहायला तिला वेळ लागला. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या, समितीच्याही. तिचा जबडा थरथरत होता, जिभेवर काही जड ठेवल्यासारखा.

"मैना," ती म्हणाली. आधी हळू. मग तिने घसा खाकरला आणि अंगणातून शेताच्या बांधापर्यंत जावी तशी हाक मारली. "मैना. ए मैना. तुला बोलवतान ना. बोल त्यांना, हाय म्हनून."

मैना वळली. सासूकडे ती किती तरी वेळ बघत राहिली, आणि बघता बघता तिचा चेहरा मोडला. चार महिन्यांत जे रडणं आलं नव्हतं ते तेव्हा आलं, सगळ्यांदेखत, पाहुण्यांदेखत, आणि तिला आवरायला कुणी गेलं नाही. म्हातारी तशीच उभी होती. गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मग मैनाने ओढणीने तोंड पुसलं आणि पुढे वळली.

"हजर," ती म्हणाली.

उन्नतीबाईंनी तिच्या नावापुढे खूण केली.